विकलेलं तेल कोणाचं होतं? बडोद्यातल्या एका छोट्या तेल उत्पादकाच्या हेजिंगचं प्रकरण

९ मार्च २०२२. सकाळी नऊच्या आतच अलकापुरीतल्या त्या कार्यालयात दलालाचा निरोप येऊन पडला होता. मार्जिन खात्यात, म्हणजे सौद्यांपोटी दलालाकडे ठेवाव्या लागणाऱ्या अनामतीत, ४ कोटी १० लाखांची तूट आहे, साडेदहापर्यंत रक्कम जमा करा, नाहीतर सौदे कापले जातील. त्या सकाळी जगात कच्चं तेल २००८ नंतरच्या सर्वांत चढ्या भावाला होतं. आणि ही कंपनी तेल विकत घेणारी नव्हती, जमिनीतून काढून विकणारी होती. भाव जवळपास दुप्पट झालेला असताना तेल काढणाऱ्याच्याच घरी सुतक का पडलं, त्याचा हा हिशेब आहे.

कंपनीचं नाव मालकांच्या विनंतीवरून देत नाही, आणि हिशेब सहज कळावा म्हणून आकडे गोल केले आहेत. मी त्यांचे हिशेब बरीच वर्षं पाहतो आहे. ज्या टिपणावर हेजिंगचा, म्हणजे पुढे निघणाऱ्या तेलाचा भाव बाजारात आधीच बांधून ठेवण्याचा, निर्णय झाला, त्यावर माझीही सही आहे.

कंपनी आणि तिची विहीर

दोघे भाऊ दांडिया बाजारात वाढले. थोरले इंजिनिअर, धाकटे व्यवहार बघणारे. खंभात खोऱ्यात तेल आहे हे १९५८ साली लुणेजला कळलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला मोठा साठा लागला, आणि १९६५ पासून कोयलीची रिफायनरी चालू आहे. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत एक तरी माणूस तेलाच्या नोकरीत असतो, थोरलेही तसेच. पुढे सरकारने मोठ्या कंपन्यांनी न वापरलेली छोटी क्षेत्रं लिलावाला काढली, तेव्हा दोघांनी जंबुसरच्या बाजूचं एक क्षेत्र घेतलं. सहा विहिरी, रोजचं ४०० बॅरल उत्पादन. तेल टँकरने जायचं आणि ब्रेंट या उत्तर समुद्रातल्या तेलाच्या सरासरी भावावर, दर्जाची वजावट होऊन, पैसे पुढच्या महिन्यात यायचे.

हे तेल मेणाचं आहे. थंडीत ट्यूबिंगच्या, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीच्या, आतून मेण बसत जातं, पंप ओढायला जड होतो, कधी पंप ओढणारा रॉड तुटतो. मग गरम तेल फिरवायचं, नाहीच भागलं तर वर्कओव्हर रिग, म्हणजे विहीर दुरुस्तीचं यंत्र, बोलवायची. छोट्या उत्पादकाचा निम्मा जीव या रिगच्या तारखेत अडकलेला असतो. हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं दुखणं इथूनच सुरू होतं. बाजारात सौदा करताना आमच्यापैकी एकाच्याही डोळ्यांपुढे विहीर नव्हती.

निर्णय कसा झाला

२६ नोव्हेंबर २०२१ ला ओमायक्रॉनची बातमी आली आणि अमेरिकी तेल एका दिवसात सुमारे १३ टक्के पडलं. आम्हा सगळ्यांना एकदम एप्रिल २०२० आठवला. त्या महिन्याच्या २० तारखेला अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा सौदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता, आणि आपल्या एमसीएक्स या वायदे बाजारात त्या महिन्याचा सौदा बॅरलमागे उणे २,८८४ रुपयांनी मिटवला गेला होता. त्या वर्षी दोघा भावांनी चार विहिरी बंद ठेवून पगार घरातून दिले होते. बँकेचे अधिकारीही वर्षभर सांगत होते की कर्जाचे हप्ते ठरलेले आहेत, तर उत्पन्नही थोडं बांधून घ्या.

डिसेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बैठक झाली. थोरले म्हणाले, “नफा नको मला. पगार आणि हप्ता निघाला की झालं. परत ते दिवस नकोत.” हा माणूस लोभाने बोलत नव्हता, हे मी आजही ठामपणे सांगेन.

दोन वाटा होत्या. एक, पुट ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाला विकण्याचा हक्क, प्रीमियम भरून घ्यायचे. भाव पडला तर भरपाई, चढला तर फक्त प्रीमियम गेला. आमच्या मापाने महिन्याला साधारण २१ लाख, सहा महिन्यांचे सव्वा कोटी. दुसरी वाट, फ्युचर्स विकायचे, म्हणजे पुढचं तेल आजच ठरल्या भावाने विकायचं; भाव पडला तर फरक मिळतो, चढला तर भरावा लागतो. प्रीमियम काहीच नाही. धाकटे म्हणाले, “दादा, सव्वा कोटी नुसते कशाला घालवायचे? फ्युचर्सला तर खर्चच नाही.” मी मान हलवली. त्या एका वाक्याला मी तिथेच अडवायला हवं होतं. फ्युचर्सला खर्च असतो, फक्त तो पहिल्या दिवशी दिसत नाही. मेक्सिकोचं सरकार आपल्या तेलासाठी पुट घेतं आणि कित्येक वर्षं त्यापायी वर्षाला १ अब्ज डॉलरच्या आसपास प्रीमियम भरत आलं. एवढा खर्च ते उगीच करत नसावेत, हा विचार मला तेव्हा सुचला नाही.

ठरलं ते असं. जानेवारी ते जून २०२२ या सहा महिन्यांच्या उत्पादनाचे ७० टक्के, म्हणजे रोजचे २८० बॅरल, विकून टाकायचे. एकूण ५०,००० बॅरल, १०० बॅरलचे ५०० लॉट, सरासरी ५,००० रुपयांना. उरलेले ३० टक्के भाव वाढला तर आपल्याला मिळावेत म्हणून मोकळे. टिपणात मी लिहिलं होतं, “संयमित हेज.” लांबच्या महिन्यांच्या सौद्यांना बाजारात गिऱ्हाईकच नव्हतं, म्हणून सगळे लॉट जवळच्या महिन्यात विकले आणि दर महिन्याला थोडे परत घेऊन मिटवायचे, बाकीचे पुढच्या महिन्याच्या सौद्यात ओढायचे असं ठरवलं.

सत्तर टक्क्यांची चूक

आता शंभर बॅरल घ्या. जमिनीवरच्या विहिरीची रॉयल्टी साडेबारा टक्के. राहिले साडेसत्याऐंशी. आमच्या महसूल-वाटणीच्या कराराप्रमाणे त्यातला पाचवा हिस्सा केंद्र सरकारचा, म्हणजे साडेसतरा. दोन्ही मिळून तीस. बारीक वजावटी सोडल्या तर शंभरातले सत्तर बॅरलच या कंपनीचे होते.

भाव चढला की सरकारचा हिस्सा चढलेल्या भावाने जातो. तुम्ही बाजारात काय विकून ठेवलंय, सरकारला त्याच्याशी देणंघेणं नसतं, आणि सौद्यातला तोटा वाटणीतून वजाही होत नाही. म्हणजे भाव वाढल्याचा फायदा कंपनीला ४०० बॅरलवर नव्हे, २८० बॅरलवरच होणार होता. आणि आम्ही विकले होते नेमके २८०. आम्ही ज्याला सत्तर टक्के हेज म्हणत होतो, तो शंभर टक्के होता. मोकळे ठेवलेले म्हणून जे ३० टक्के धरले होते, ते आमचे कधी नव्हतेच.

ही चूक मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नव्हती. नंतर कागद घेऊन बसलो तेव्हा ती सापडली, आणि रात्रभर झोप लागली नाही. मोठ्या कंपन्यांनाही हे वेगळ्या रूपात भेटतं. १ जुलै २०२२ ला सरकारने देशी कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये जादा कर लावला, म्हणजे बॅरलमागे साधारण ४० डॉलर. वर्षाला २० लाख बॅरलपेक्षा कमी काढणाऱ्यांना सूट होती, त्यामुळे आमच्यावर तो आला नाही. पण ज्याने आपलं तेल ६५ डॉलरला बांधून ठेवलं असेल, त्याला कर मात्र ११० डॉलरच्या जगातला भरावा लागला असता.

जानेवारीतली थंडी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तीन नंबरची विहीर मेणाने अडली. आठवड्याभरात पाच नंबरचा रॉड तुटला. उत्पादन ४०० वरून ३०० वर आलं. फील्डवरून फोन आला, “साहेब, पाच नंबर बसली. रिग हवी.”

एरवी हा नुसता १०० बॅरलचा तोटा ठरला असता. आता तसं राहिलं नव्हतं. ३०० बॅरलांतले कंपनीचे २१०, आणि बाजारात विकलेले २८०. रोजचे ७० बॅरल असे होते, जे विकले होते पण जमिनीतून येणारच नव्हते. त्या सत्तरांपुरती कंपनी तेल उत्पादक राहिली नव्हती, मंदीवर पैसे लावणारी झाली होती. आणि बाजार रोज चढत होता.

तेव्हाच ८०-१०० लॉट परत घेऊन टाकायला हवे होते. ते झालं नाही, कारण हेजचा आकडा बँकेला कळवलेला होता आणि विहिरीचा आकडा फील्डवर होता. दोन्ही एका कागदावर येत नव्हते. रिग मिळाली की दोन्ही विहिरी उठतील, असं सगळे धरून चालले होते. पण तेल चढलं की रिग सगळ्यांनाच हवी असते. भाडं वाढलं, ट्यूबिंग महागली, डिझेल महागलं. खर्च चढत्या बाजाराने येत होता आणि उत्पन्न आम्ही ५,००० रुपयांना बांधून ठेवलं होतं. पडत्या भावापासून वाचवणारी ही व्यवस्था चढत्या भावात उत्पादकाला दोन्हीकडून कात्रीत धरते, हे फारसं बोललं जात नाही.

उंधा बदला

सौदे पुढच्या महिन्यात ओढतानाचा खर्च वेगळाच होता. त्या हिवाळ्यात तेल आत्ता हवं होतं, त्यामुळे जवळचा महिना महाग आणि पुढचा स्वस्त. विकून बसलेल्याने मिटणारा सौदा महाग घ्यायचा आणि पुढचा स्वस्त विकायचा. बडोद्याचे जुने दलाल याला ‘उंधा बदला’ म्हणतात. आमच्याकडे कधी साठ, कधी सव्वाशे रुपये बॅरलमागे असे जात राहिले. पुढच्या हिशेबात मी ते धरलेलेही नाहीत.

शिवाय एमसीएक्सचा सौदा अमेरिकी तेलावर मिटतो आणि आमचं तेल ब्रेंटवर विकलं जातं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेल उणे झालं, त्याच दिवशी ब्रेंट २५.५७ डॉलरवर बंद झालं होतं. या वेळी तो फरक आम्हाला फारसा नडला नाही.

रोकड

खरं घोडं पेंड खात होतं ते रोख पैशापाशी. फ्युचर्सचा तोटा रोजच्या रोज भरावा लागतो. रात्री बारा वाजायच्या सुमारास बाजार बंद होतो, बंद भावावर हिशेब होतो, आणि सकाळी पैसे लागतात. तेलाचे पैसे मात्र पुढच्या महिन्यात. हेज अगदी बरोबर मापाचा असता, विहिरी सगळ्या चालत्या असत्या, तरी ही दरी राहिलीच असती. कागदावर दोन्ही बाजू समान, आणि बँक खात्यात फक्त एकच बाजू.

फेब्रुवारीअखेर ५०० पैकी १७० लॉट मिटले होते, त्यात सव्वातीन कोटी गेले. उरलेल्या ३३० लॉटवर त्या दिवशीच्या ७,२०० च्या भावाने आणखी सव्वासात कोटी भरून झाले होते. साडेदहा कोटींतले सहा बँकेच्या मर्यादेतून, दोन भावांच्या खिशातून, आणि अडीच कोटी विहीर दुरुस्तीसाठी ठेवलेल्या ठेवीतून. ती ठेव मोडल्याचं मला आजही लागून राहिलं आहे. जिच्या दुरुस्तीने ७० बॅरलचा खड्डा भरून निघाला असता, तिचाच पैसा त्या खड्ड्यापायी मार्जिनला गेला. पाच नंबरची विहीर तशीच पडून राहिली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मार्चच्या पहिल्या आठ दिवसांत त्या ३३० लॉटवर आणखी साडेसात कोटी मागितले गेले. फेब्रुवारीच्या तेलाचे पैसे आले ते तसेच पुढे गेले, थोरल्यांच्या घरच्या ठेवी गेल्या. वर चढउतार वाढले म्हणून सुरुवातीचं मार्जिनही वाढलं. ७ तारखेच्या रात्री मी दांडिया बाजारात त्यांच्या घरी होतो. थोरले जेवणाच्या टेबलाशी मोबाइल धरून बसले होते, ताट समोर तसंच. वहिनी दोनदा म्हणाल्या, “अहो, दोन घास खाऊन घ्या.” भाव ९,१०० च्या वर गेला तेव्हा त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि मला विचारलं, “आपलं तेल तर महाग झालंय ना? मग आपण का बुडतोय?”

९ तारखेला साडेदहाला पैसे भरता आले नाहीत. दुपारपर्यंत दलालाने ३३० लॉट सरासरी ९,४०० ला कापले. त्याच संध्याकाळी अमेरिकी तेल १२ टक्के पडलं.

बेरीज

या ३३,००० बॅरलवर साडेचौदा कोटींचा तोटा कायमचा झाला. मार्च ते जूनचं तेल साधारण ८,१०० ने गेलं. कंपनीच्या वाट्याच्या २५,२०० बॅरलवर, ५,००० च्या वर, पावणेआठ कोटी जादा मिळाले. मधली तफावत पावणेसात कोटींची.

ही तफावत दोन भागांची आहे. ७,८०० बॅरल कधी निघालेच नाहीत, त्यांच्यावरचा तोटा सुमारे ३ कोटी ४० लाख. उरलेले ३ कोटी ३० लाख केवळ चढ्या क्षणी सौदे कापले गेले म्हणून. भाव ओळखण्यात चूक झाल्याने यातला एकही रुपया गेला नाही. हेज बरोबर मापाचा असता आणि रोकड पुरली असती, तर थोरल्यांना हवं होतं तसंच, ठरलेलं उत्पन्न हाती येऊन विषय संपला असता.

असं आधीही घडलं आहे. १९९३ मध्ये मेटलगेझेलशाफ्ट या जर्मन कंपनीच्या अमेरिकी शाखेने दहा-दहा वर्षांसाठी ठरल्या भावाने इंधन विकलं होतं आणि बचावासाठी जवळच्या महिन्यांचे सौदे घेऊन ते पुढे ओढत होती. तेल पडलं, मार्जिन मागितलं गेलं, वरिष्ठांनी सौदे कापले, तोटा सुमारे १.३ अब्ज डॉलर. दिशा आमच्या उलट, दुखणं तेच. २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत अमेरिकेतल्या ईक्यूटी या मोठ्या वायू उत्पादक कंपनीने वायू महाग झालेला असताना जवळपास २ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, तोही हेजपायी. ती कंपनी मोठी होती, तिला रोकड उभी करता आली.

यावरून धाकटे आता म्हणतात की हेजिंगचं नावच नको. मला ते पटत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या कॉन्टिनेंटल रिसोर्सेसने भाव लवकरच सावरेल या भरवशावर आपले तेलाचे हेज ४३.३ कोटी डॉलरला मोडले. त्यानंतर तेल पडतच गेलं आणि २०१६ च्या सुरुवातीला ३० डॉलरच्याही खाली आलं. उघड्यावर राहण्याचाही खर्च असतो, आणि कर्ज असलेल्या छोट्या उत्पादकाला तो जीवघेणा ठरू शकतो.

मार्चअखेरच्या ताळेबंदात सगळा तोटा एकरकमी आला. हेज म्हणून लेखा-वागणूक हवी असेल, म्हणजे सौद्याचा तोटा त्या-त्या तेलाच्या विक्रीबरोबरच दाखवायचा असेल, तर पहिल्या दिवशीच कोणत्या तेलासाठी कोणता सौदा हे लिहून ठेवावं लागतं. आमच्याकडे ‘संयमित हेज’ हे दोन शब्द होते. बँकेने मर्यादा कमी केली आणि कर्जाची मुदत वाढवून दिली. ज्या अधिकाऱ्यांनी उत्पन्न बांधा म्हटलं होतं, त्यांनी मार्जिनसाठी वेगळी मर्यादा लागेल हे आधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

आता कंपनी फक्त पुट घेते, तेही चालू विहिरींच्या तीन महिन्यांच्या सर्वांत कमी उत्पादनातून सरकारचा हिस्सा काढून, उरलेल्याच्या निम्म्यापुरतेच. प्रीमियम पगारासारखा महिन्याच्या खर्चात धरलेला आहे. फील्डचा रोजचा आकडा आणि सौद्यांचा आकडा एकाच कागदावर येतो. तो कागद थोरले स्वतः भरतात, शाईच्या पेनने.

पाच नंबरच्या विहिरीवर रिग लागली ती मे महिन्यात, जानेवारीपेक्षा दीडपट भाड्याने. तुटलेला रॉड बाहेर आला तेव्हा त्याच्याभोवती मनगटाएवढं मेण होतं. तीन आठवड्यांनी ती विहीर रोज ६० बॅरल देऊ लागली.